वस्तादांनी ठेकेदाराला फेकलं नाही

अन्याय आमच्या वस्तादांवर झाला आहे, आणि तो यंदाच्या तान्ह्या पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी चार वाजता झाला. त्या वेळी ठाण्यात एक तक्रार लिहून घेतली गेली : तालमीच्या वस्तादांनी एका प्रतिष्ठित ठेकेदाराला दोन्ही हातांनी उचलून उकिरड्यात फेकलं. हे खोटं आहे. मी तिथे होते. अख्खं गाव तिथे होतं. आणि मला राग ठेकेदाराचा येत नाही, त्याच्याकडून मी दुसरी अपेक्षाच ठेवली नव्हती. मला राग गावाचा येतो. कारण हे खोटं ठेकेदाराने रचलेलं नाही. ते आपण रचलं, आपण वाटलं, आणि त्याच्या हातात आयतं नेऊन दिलं.

एरवी मी पत्रकं लिहिते. बंद झालेल्या बसफेरीसाठी, शाळेच्या गळक्या छतासाठी. पत्रकात माणूस दोन ओळींत संपवावा लागतो. वस्ताद दोन ओळींत मावत नाहीत. ते एका बाजेवरही मावत नाहीत. म्हणून हे लांबलं आहे, सोसून घ्या.

कामरगावहून जीपने आत आलं की आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला मारुतीच्या देवळाशेजारी तालीम. तालीम म्हणजे एक खोली, तिच्यापुढे चहूबाजूंनी उघडे पत्रे, खाली कुस्तीचा हौद, हौदात तेल, हळद, लिंबू आणि ताक घालून मळलेली लाल माती. आणि दाराशी बाजेवर वस्ताद. वय सत्तरीचं. मान नाही. डोकं थेट खांद्यांवर आणून ठेवल्यासारखं. मी एकदा विचारलं होतं, "वस्ताद, तुमची मान कुठं गेली?"

"होती लहानपनी," ते म्हणाले. "काही काम नोतं तिले. गेली."

ते कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर माणूस आला की त्याचा खांदा दाबून पाहतात, बाजारात खरबूज पाहावं तसा. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडून आला. वस्तादांनी त्याचा खांदा दाबला आणि चारचौघांत म्हणाले, "कच्चा हाये. पुढच्या खेपेले पाहू." तो बिचारा खरंच पडला. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत लोक त्याला भेटले की आधी त्याच्या खांद्याकडे पाहायचे.

बसमध्ये जागा धरायला सगळं जग खिडकीतून रुमाल टाकतं. वस्ताद लंगोट टाकतात. लाल, धुतलेला, पण लंगोट. "रुमाल कोनीई उचलते," ते समजावून सांगायचे, "पन लंगोट कोन उचलंन? उचलला तं ठेवंन कोठी?" मी स्वतः पाहिलं आहे : कारंज्याच्या स्टँडवर बस खच्चून भरली, माणसं माणसांच्या पायांवर उभी होती, आणि मधली एक सीट रिकामी. तिच्यावर लाल लंगोट. आजूबाजूच्या बायका खिडकीबाहेर बघत होत्या. सगळ्यांत शेवटी वस्ताद चढले, लंगोटाची घडी घालून खिशात ठेवली, आणि पलीकडे उभ्या असलेल्या एका पोटुशा बाईला म्हणाले, "बस माय. तुयासाठीच धरली होती." बाई बसायला तयार होईना. मग त्यांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने सीट झटकली, फुंकर मारली आणि जरा दरडावून सांगितलं, तेव्हा बसली.

आम्ही मुली कुस्ती शिकायला पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला वाटलं होतं, वस्ताद एकतर हाकलतील, नाहीतर मरेस्तोवर बैठका काढायला लावतील. ते बाजेवरून हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मले अथून उठवा. उठवलं तं शिकवतो. नाई तं घरी जा, भाकरी खा."

आम्ही ओढलं. आधी हाताला धरून, मग पायाला, मग सगळ्यांनी मिळून बाजच उलटी करायचा प्रयत्न केला. बाज करकरली. वस्तादांनी मध्येच जांभई दिली. माझी मैत्रीण वर्षा तोवर गायब झाली होती. ती आली ती नानाभाऊंच्या हॉटेलातून, हातात कढईतून नुकताच काढलेला आलुबोंडा घेऊन. वस्तादांचा हात पुरणार नाही इतक्या अंतरावर उकिडवी बसली, फुंकर मारली, आणि तळलेली मिरची लावून खायला लागली.

आधी वस्तादांचं नाक उठलं. मग बाकीचे वस्ताद उठले.

"शाबास," ते म्हणाले, आणि तिच्या हातातला आलुबोंडा इतका अलगद काढून घेतला की वर्षा रिकाम्या बोटांवर फुंकर मारत राहिली. "डोक्यानं मले उठवलं. बेस केलं. पन आता आलुबोंडा कोनापाशी हाये? डोक्यानं मिळते वं पोरी. राखाले मनगट लागते." आणि तोंड भरलेलं असतानाच त्यांनी प्रवेश जाहीर केला. "उद्यापासून या. मनगट मी देतो. डोकं घरून आना."

डोकं किती आणि ताकद किती, हे प्रमाण आम्ही त्यांना सारखं विचारायचो. उत्तर रोज वेगळं. एकदा म्हणाले, लोणच्यात मीठ घालतात तितकीच ताकद घालायची. वर्षाची आई लोणचं खारट करते, त्यामुळे वर्षा आठवडाभर नुसत्या धडका मारत सुटली. दुसऱ्या एका मुलीने डोकं इतकं चालवलं की कुस्ती सुरू झाली तरी ती विचारच करत उभी होती. वस्तादांनी तिला मागून ढुशी दिली आणि विचारलं, "काय करून राह्यली वं? परीक्षा हाये का ही?"

त्यांचं स्वतःचं प्रमाण मला कळलं ते कामरगावच्या बाजारात. एक बैल बुजला. भाजीच्या पाट्यांमधून उधळत आला, आणि लोक पळण्याऐवजी गोल करून उभे राहिले, कारण वस्ताद तिथे भेंडी घेत होते. "वस्ताद, शिंगं धरा! दाबा त्याले!" सगळे ओरडायला लागले. वस्तादांनी भेंडीची पिशवी माझ्याकडे दिली, बैलाकडे पाठ केली, हात पसरले, आणि अख्ख्या गर्दीला ढकलायला लागले. माणसं, पाट्या, तराजू, मध्ये उभी केलेली एक जीप, सगळं त्यांनी खांद्याने मागे सारलं. बोळ मोकळा झाला. बैलाने मोकळा रस्ता पाहिला, जरा श्वास घेतला आणि आपल्या बैलबंडीकडे चालत गेला.

लोक फार नाराज झाले. एकजण म्हणाला, "वस्ताद, तुमी तं बैलाले हातच लावला नाई!"

"बैलापाशी माह्यापेक्षा जास्त हाये," वस्ताद म्हणाले. "त्याले कायले दाखवू? तुमच्यापाशी कमी हाये, तुमाले दाखवली."

आज कामरगावात कुणालाही विचारा. लोक सांगतात, वस्तादांनी बैल शिंगांना धरून बसवला. सांगणाऱ्यांतले निम्मे त्या दिवशी वस्तादांच्या खांद्याने भाजीत पडलेले आहेत. तरी तेच सांगतात! ही खोड आपली जुनी आहे, आणि तिचं काय झालं ते आता ऐका.

ठेकेदाराला तालमीची मोकळी जागा हवी होती. दुकानांचे गाळे काढायला. जागा गावाची. ठराव नाही, परवानगी नाही, ग्रामसभेत चकार शब्द नाही. जेसीबी मात्र होती. ती घेऊन तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आला. त्याला वाटलं, सण आहे, लोक पोरांच्या मागे असतील. त्याला हे माहीत नव्हतं की आमच्या गावात पोरं आपले लाकडी बैल सजवून मारुतीच्या देवळापुढे ओळीने उभे करतात. म्हणजे गावातला झाडून सगळा माणूस त्या वेळी तालमीपासून हाकेच्या अंतरावर, नवे कपडे घालून, डफड्यांसकट हजर होता.

जेसीबी पाहून वस्ताद बाहेर आले आणि परत आत गेले. लोक कुजबुजले, घाबरले वाटते. तर ते लंगोट लावून आले. हौदात उतरले आणि शांतपणे जोर काढायला लागले. ठेकेदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा. भरल्या गावासमोर म्हाताऱ्या माणसाला दटावणं त्याला बरं दिसेना. "होऊ द्या काका तुमचा व्यायाम," तो हसून म्हणाला, "मग बोलू आपण."

व्यायाम झाला. वस्तादांनी अंगावर माती घेतली आणि फार गोड आवाजात हाक मारली, "या साहेब. सणाचा दिस हाये. हौदाची माती लावा कपाळाले, मंग करा तुमचं काम."

ठेकेदाराने चपला काढल्या. डोक्यावर रुमाल घेतला. हौदाच्या काठाशी येऊन वाकला. वस्तादांनी खालून त्याच्या ओंजळीत मूठभर माती ठेवली. त्याने ती भक्तिभावाने कपाळाला लावली.

कुस्तीच्या दंगलीत एक रीत आहे. पैलवान समोरच्याच्या हातावर माती देतो. समोरच्याने ती घेतली की जोड लागली, कुस्ती ठरली. नको असेल तर माती घ्यायची नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ठेकेदार तालुक्याच्या गावचा.

"घेतली!" वस्ताद ओरडले. "पाह्यलं का गावानं? साहेबानं माती घेतली! जोड लागली बाप्पा!"

डफडी वाजायला लागली. पोरं आपले लाकडी बैल डोक्यावर घेऊन नाचायला लागली. "होऊ द्या!" "साहेब, मांगं हटू नोका!" एक म्हातारी खरोखर काळजीने म्हणाली, "साहेब, सदरा काढून ठेवा, मळंन!"

"अहो नाही, मी आपला प्रसाद म्हणून..." ठेकेदार म्हणाला.

"प्रसादच हाये," वस्ताद म्हणाले, आणि मांडीवर शड्डू ठोकला.

तालमीचे पत्रे त्या आवाजाने थरथरले. ठेकेदार एक पाऊल मागे गेला. दुसरा शड्डू. आणखी मागे. तो हात जोडून, हसत हसत, देवाला पाठ न दाखवता गाभाऱ्यातून निघावं तसा उलटा चालत होता. वस्ताद हौदातच होते. हे नीट वाचा. वस्ताद हौदातच होते. त्यांनी पाय उचलला नाही, हात पुढे केला नाही, दोघांमध्ये अख्खं मोकळं आवार होतं. त्या आवाराच्या टोकाला शेजाऱ्याचा उकिरडा, म्हणजे शेणाचा खड्डा. पावसाळाभर भिजून मऊ झालेला, काठोकाठ. मागे उकिरडा आहे हे कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. मीही नाही, आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

तो बसल्यासारखा आत गेला. कमरेपर्यंत.

जेसीबीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, कारण त्याला मनसोक्त हसायचं होतं. मग सुरू केलं, बकेट खाली केलं, आणि मालकाला उचलून बाहेर काढलं. पांढरे कपडे हिरवे झालेले, कपाळावर लाल माती तशीच. त्याच बकेटात बसून ठेकेदार गावाबाहेर गेला. पोरं लाकडी बैल घेऊन शिवेपर्यंत मागे धावली. असा तान्हा पोळा वाशिम जिल्ह्यात दुसरा झाला असेल तर मला दाखवा.

आणि मोबाइल? मोबाइल सगळ्यांकडे होते. पण ते खिशातून बाहेर निघेपर्यंत ठेकेदार उकिरड्यात पोहोचला होता. म्हणून जेवढे व्हिडिओ आहेत, ते सगळे तिथून सुरू होतात : आधी उकिरड्यात बसलेला माणूस, मग कॅमेरा फिरतो, आणि लंगोटातले वस्ताद शड्डू ठोकताना दिसतात. खाली आपल्याच एका हुशार माणसाने लिहिलं, "वस्तादांनी उचलून टाकला रे बाबा!!"

दिवेलागणीपर्यंत नानाभाऊंच्या हॉटेलात वस्तादांनी त्याला एका हाताने उचललेलं होतं. कामरगावात पोहोचेस्तोवर त्यांनी त्याला आधी गरगर फिरवलं होतं. रिठदला माझी मावशी असते, तिला कळलं की ठेकेदार तिघं होते. किन्हीराजाहून मामाचा फोन आला, "काय वं, तुमच्या वस्तादानं जेसीबीच पलटी केली म्हंते?" मी मामाला खरं काय ते सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "जाऊ दे. आमची गोष्ट चांगली हाये."

ठेकेदार आधी मूग गिळून बसला होता. म्हाताऱ्याच्या मांडीचा आवाज ऐकून आपण शेणात बसलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? पण आपण त्याला किती सुंदर वाट काढून दिली! नामांकित पैलवानाने उचलून फेकलं, यात लाज कसली? उलट मान आहे. सोमवारी तो ठाण्यात गेला आणि गावाचीच गोष्ट त्याने लिहून दिली. सोबत गावाचेच व्हिडिओ.

आता चौकशी संपेपर्यंत वस्तादांनी तालमीत पाय ठेवायचा नाही, अशी समज दिली गेली आहे. तालमीला कुलूप आहे. मोकळ्या जागेत ठेकेदाराच्या मुरमाचे ढीग येऊन पडले आहेत. वर्षा आणि बाकीच्या मुली जिल्ह्याच्या कुस्त्यांसाठी रस्त्याच्या कडेला जोर-सपाटे मारतात आणि जीपवाले हॉर्न वाजवतात. गुन्हा टिकला तर तालीम गेली, आणि तालीम गेली तर त्या मुलींची कुस्ती गेली. हा हिशेब सरळ आहे.

वस्तादांबरोबर ठाण्यात मी गेले होते. जमादार भला माणूस. त्याने व्हिडिओ पाहताना दोनदा खोकल्याचं सोंग केलं.

"वस्ताद, खरं सांगा. उचललं का त्यांना?"

"वजन किती असंन त्याचं?" वस्तादांनी विचारलं.

"असेल नव्वदच्या आसपास."

"नव्वद तं मी उचलतोच."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. खांबावर दिल्यासारखा.

"उचलता का नाही विचारलं," जमादार म्हणाला. "उचललं का?"

वस्तादांनी छताकडे पाहिलं. "मनात आलं होतं," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मी भांडले. "वस्ताद, काहून असं करता? सरळ नाई म्हना ना! तालीम चालली हातची!"

ते ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसले. लाजल्यासारखे हसले. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "अवं पोरी, सत्तरीत सारं गाव मले नव्वद किलो उचलू देऊन राह्यलं. अन् तू म्हंतं, खाली ठेव."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता चीड आली. कारण थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "पन कुस्ती भारी झाली होती वं. हात न लावता. अशी कुस्ती मी जिनगानीत मारली नोती. थे कोनी सांगतच नाई."

ऐकलंत? खांदा सगळ्यांना दिसतो, डोकं कुणाला दिसत नाही. जन्मभर तुम्ही त्यांच्या डोक्याचं श्रेय त्यांच्या खांद्याला दिलंत. बैल त्यांनी सोडला, तुम्ही बसवलात. आता त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी कुस्ती तुम्ही काढून घेतलीत आणि तिच्या जागी कोणताही रेडा करू शकेल अशी फेकाफेक ठेवलीत. वर त्याच फेकाफेकीचा गुन्हा त्यांच्या माथी आला. मारहाण करून सुटलेले लोक मी पाहिलेत. बोट न लावता मारहाणीत अडकलेला हा एकच.

जमादाराने सांगितलं आहे की पाहणाऱ्यांनी येऊन खरा जबाब दिला तर प्रकरण तिथेच मिटेल. म्हणून मी परवा नानाभाऊंच्या हॉटेलात तालीम घेतली, जबाबाची. नानाभाऊ उभे राहिले, टोपी सरळ केली. "साहेब, मी देवाशपथ सांगतो. वस्तादानं हात लावला नाई. वस्ताद हौदातच होते. थे नुसते असे पुढं आले, असा कमरेले धरला..."

"नानाभाऊ! कमरेले कुठून आलं?"

"आलं वं तोंडात," ते ओशाळून म्हणाले. "सांगता सांगता हात आपोआप वर जातात."

मी म्हटलं, हात खिशात घालून सांगा. त्यांनी हात खिशात घातले. मग त्यांनी पायाने फेकला. तिसऱ्या खेपेला बाकावरचा एक म्हातारा त्यांना म्हणाला, "नाना, तू चुकून राह्यला. आधी गरगर फिरवला, मंग फेकला." आणि अख्खं हॉटेल त्यावर वाद घालायला लागलं, उजवीकडून फिरवला की डावीकडून.

म्हणून आता तुम्हाला सांगते, तुम्ही जे त्या दिवशी देवळापुढे होतात. बुधवारी सकाळी अकरा वाजता ठाण्यात या. हसू येत असेल तर बाहेर हसून घ्या. आत गेल्यावर एवढंच बोला : वस्ताद हौदात होते, ठेकेदार आपल्या पायांनी मागे गेला आणि आपल्या पायांनी उकिरड्यात पडला. याच्यापुढे एक शब्द नाही. सही करा आणि निघा. आणि तुम्ही जे तिथे नव्हतात, पण ज्यांनी ही गोष्ट मालेगावला, रिसोडला, सासरी, माहेरी सांगितलीत, त्या प्रत्येकाला आज फोन लावा आणि खरी सांगा. खरी गोष्ट जास्त चांगली आहे, सांगून तर बघा.

आणि ठाण्यात एकेकटे या. दोघं मिळून आलात की गोष्ट वाढते.